नळीतला लाल मणी

“नळ सोड आधी. बाहेर माणसं आहेत.”

मावशीचा आवाज. दबका, घाईचा, दाराच्या फटीतून आत सरकणारा. तो जुना झाला, मावशी थकली, ते दोन खोल्यांचं घरही मागे राहिलं. पण न्हाणीघराची कडी लावली की अजूनही तो तिच्या कानाशी येऊन उभा राहायचा.

मावशी घरातच टायपिंगचा वर्ग घ्यायची. बाहेरच्या खोलीत यंत्रं, यंत्रांपुढे मुलं-मुली आणि त्याच खोलीत उघडणारं न्हाणीघराचं दार. यंत्रं खडखडत असली तर बरं. पण मावशी ‘थांबा’ म्हणाली की सगळं चिडीचूप... आणि आत ती, मावशीकडे वाढणारी लहानशी पोर, श्वास धरून बसलेली. एकदा नळ सोडायचा राहिला. बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. बस, तेवढंच. कुणी काही बोललं नाही, मावशीही नाही. पण त्या दिवसापासून पोरीने आपला आवाजच पुसून टाकला. चालायची ती मांजराच्या पावलांनी, शिंकायची ती ओढणीत, हसायची ती डोळ्यांनी.

मोठी झाली आणि गाद्या-उशा शिवायला लागली. कापूस कसा, कितीही दाबा, बोलत नाही.

अशी ती. आणि तो आला तो दुकानाच्या दारालाच धडकून. कानावर पेन्सिल, बगलेत पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे.

“या मापाच्या गाद्या हव्यात.”

तिने पुठ्ठे टेबलावर मांडले. एकही धड चौकोनी नव्हता.

“यांचे कोपरे उंदरांनी खाल्ले का?”

“तिथून पाइप जातो.”

“गादीतून?”

“गादीच्या शेजारून. घर आहे ते, चालणारं.” मग जरा छाती काढून म्हणाला, “जुना टेम्पो घेतलाय. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं मीच करतोय. नळकाम करतो मी.”

“म्हणजे नळोबा.”

शब्द तोंडातून निसटला आणि तिची कानशिलं तापली. गिऱ्हाइकाला असं बोलतात का... पण त्याचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा उजळला होता.

“आणि तुम्ही उशी,” तो म्हणाला. “शोभतं. आवाजसुद्धा तसाच आहे, कान टेकवल्याशिवाय ऐकू न येणारा.”

“गाद्या कधी हव्यात?”

“घाई नाही. घर अजून अर्धंच झालंय.”

“आणि उरलेलं अर्धं?”

तो पुठ्ठे सारखे करत होता. मान वर न करता म्हणाला, “ते... शोधतोय.”

मग तो येतच राहिला. कधी गादीचं बटण सैल, कधी खोळ घट्ट. बटण बोटांनीच उसवलेलं असायचं, हे तिला दिसायचं. ती मुकाट्याने पुन्हा लावून द्यायची. एका संध्याकाळी, अर्धवट गाडीच्या पायरीवर बसून, त्याने मनातलं सरळ सांगून टाकलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. त्याने मापं दिली होती दोन उशांची. दुसऱ्या दिवशी तिने शिवून आणली एकच, दोघांची, लांब.

त्याने ती उशी पोटाशी धरली आणि तोही, जन्मात पहिल्यांदाच, गप्प बसला.

लग्न झालं आणि गाडी निघाली. उंचावरच्या वाळवंटाकडे, जिथे त्याने कॅलेंडरवर बघून ठेवलेला एक निळा तलाव होता. घाट चढत गेले तशी झाडं खुजी झाली, मग झुडपं झाली, मग तीही मागे राहिली. उरली वाळू, उसवलेल्या गाद्यांसारखे पडलेले तांबडे-करडे डोंगर आणि हात लावला तर निळा रंग बोटाला लागेल असं आभाळ. ऊन कडक, सावली थंडगार. दुपार कलली की वारा सुटायचा आणि गाडीचा पत्रा थरथरायचा.

गाडीत त्याचा जीव होता तो न्हाणीघरात. जेमतेम कपाटाएवढं, पण दार त्याने स्वतः रंधून बसवलेलं, बेसिन पितळी, नळ एका बोटाने फिरणारा. पाण्याची टाकी टपावर. बेसिनचं पाणी गाडीखाली वाळूत उतरायचं. आणि दाराशेजारी एक काचेची उभी नळी, तिच्यात तरंगणारा लाल मणी.

“मणी वर, तर चैन,” तो म्हणाला. “मणी खाली आला, की जपून. हे कुणाच्याच गाडीत नाही हं, उशी. माझ्या डोक्यातून निघालंय.”

त्याचा बेत मोठा होता. अशा गाड्या लोकांना बांधून द्यायच्या. थोरला भाऊ हसला होता. “घरं धड राहतात जागेवर, तरी गळतात. तुझी तर पळणार. सरळ माझ्या दुकानात ये.” तो म्हणाला होता, “ही सफर होऊ दे. एक थेंब गळला, तर येईन.”

पहिल्या मुक्कामाला त्याने इंजिन बंद केलं... आणि तिने कधी ऐकली नव्हती अशी शांतता खाली उतरली. पंखा नाही, शेजारी नाही, रस्ता नाही. त्याने पुस्तकाचं पान उलटलं तरी ऐकू आलं. ती न्हाणीघरात गेली. कडी लावली. दार हाताच्या बोटाएवढं जाड, आणि पलीकडे तो.

नळ सोड आधी.

तिने सोडला.

तो स्वतः आत गेला की गळा काढून गायचा, सूर सोडून, शब्द स्वतःचे.

*उंच उंच गं डोंगर, नाही झाडाची सावली,*
*माझ्या चालत्या घराला उशी शिवणारी लाभली...*

ती मात्र आत जाताना दिसली की तो निमित्त काढून खाली उतरायचा. टायर बघतो, काच पुसतो. मुद्दाम उतरतो, हे तिला कळायचं आणि त्याचीच आणखी लाज वाटायची. शिवाय पत्र्यापलीकडे तो नक्की कुठल्या बाजूला उभा असेल? वारा त्याचा आवाज गिळायचा. आपला गिळेल याचा काय भरवसा? म्हणून नळ. पहाटे तो झोपलेला असला तरी नळ. धार पडत राहायची, वाळू पीत राहायची.

आणि मणी खाली येत राहिला.

“आपण एवढं पाणी वापरलं?” नळीपाशी वाकून तो म्हणाला.

“मी... चेहरा धुतला दोनदा. धूळ फार आहे.”

“धू गं. चेहऱ्याला नाही म्हणतोय का मी? तोच बघायला तर एवढ्या लांब आलोय.”

तिला हसू आलं, आणि तिने मण्याकडे पाठ केली.

पुढच्या मुक्कामी शेजारी एक तंबू होता, त्यात एक आजी-आजोबा. आजी चहाचा पेला घेऊनच गाडी बघायला आल्या. गादीवर बसून बघितलं, नळ फिरवून बघितला, लाल मण्यापुढे तर उभ्याच राहिल्या.

“आम्हाला असं घर करून देशील का रे? तंबूत यांचे गुडघे वाकत नाहीत.”

“वाकतात,” आजोबा बाहेरून म्हणाले. “पुन्हा सरळ होत नाहीत.”

त्या संध्याकाळी तो जमिनीवर नव्हताच. पहिलं गिऱ्हाईक. त्याने तिचा हात धरून तिला वाळूत गरगर फिरवलं. तिची ओढणी वाऱ्यावर, केस तोंडावर, आणि तो ओरडत होता, “उशी, आपल्याला दोन-दोन शिलाई मशिनं घ्यावी लागणार.” ती धाप लागेपर्यंत हसली, डोळ्यांनीच.

सकाळी मणी नळीच्या तळाशी बसला होता.

तो गाडीखाली शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत ओली वाळू होती. “हात धुतल्याने एवढी ओल होत नाही,” तो हळू म्हणाला. “कुठला तरी जोड गळतोय.”

आता सांग, तिने स्वतःला म्हटलं. तोंड उघडलंही. पण काय म्हणायचं? त्या गोष्टीला मावशीच्या घरात शब्दच नव्हता. ‘आत जाते’ म्हणायचे, बस. तिने तोंड मिटलं.

दिवसभर त्याने पाइप उघडले. एकेक जोड सोडायचा, नवा वायसर घालायचा, पांढरी टेप गुंडाळायची, कोरड्या कागदाचा तुकडा लावून बघायचा. कागद कोरडाच. गळती सापडली असती तर तो हसला असता. सापडत नव्हती, म्हणून खचत चालला. दुपारी त्याने टाकीचा कॉक बंद केला आणि उरलेलं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं.

आता नळ नाही. म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं.

ओठ सुकले, कपाळ ठणकायला लागलं. त्याला वाटलं, हवा विरळ आहे म्हणून. त्याने पेला पुढे केला, तिने ओठांना लावून खाली ठेवला.

“मघाशीही असंच केलंस,” तो म्हणाला. “पाणी पुरावं म्हणून पीत नाहीस ना? माझ्या चुकीपायी?”

तिने नकारार्थी मान हलवली.

तो तिच्या पायाशी बसला. हातांना टेपचे पांढरे धागे चिकटलेले. “लाज वाटते गं,” तो म्हणाला. “ज्याचं काम पाण्याचं, त्याने बायकोला वाळवंटात कोरडं ठेवावं... उद्या माघारी फिरू. तलाव राहू दे. दादाला काय सांगायचं, ते बघतो मी.”

ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्याची लाज तिच्या बोटांखाली होती, आणि ती त्याची नव्हतीच. आपलं ओझं आपण याच्या डोक्यावर ठेवलंय आणि वरून कुरवाळतोय... तिला आपलाच हात परका वाटला.

सकाळी ती पडून होती. बाहेर पावलं वाजली. आजी आल्या होत्या. मग त्याचा आवाज आला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खाली उतरवलेला. पण पत्रा पातळ होता.

“आजी, तुमचं काम मला नाही जमायचं.”

“का रे? परवा तर कागदावर गाडीचं चित्र काढून दिलंस.”

“माझ्याच गाडीत गळतंय. कुठे, तेही कळत नाही. तुमच्या गाडीला हात कशाला लावू? चांगला माणूस बघा एखादा.”

चांगला माणूस. ती उठून बसली. जन्मभर तिला भीती होती की भिंतीपलीकडच्याला आपलं ऐकू जाईल. भिंतीपलीकडचं आपल्याला ऐकावं लागेल, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ती अनवाणी खाली उतरली. वारा सकाळीच सुटला होता. आजी-आजोबा पेले धरून उभे होते, आणि तो गाडीखाली. दिसत होते फक्त त्याचे पाय. जाण्याआधी शेवटचं बघून घेत असावा. ती त्या पायांपाशी गुडघ्यांवर बसली.

“ऐक ना... गळत नाहीये काही.”

“काय?” खालून आवाज आला. “वाऱ्यात कळत नाही.”

तिने मागे बघितलं. आजी बघत होत्या. आजोबा बघत होते. कानाशी मावशी येऊन उभी राहिली. बाहेर माणसं आहेत.

“गळत नाहीये,” ती जरा मोठ्याने म्हणाली.

“अगं, आत जा. डोकं दुखेल. काय म्हणतेस, खरंच ऐकू येत नाही.”

तिने दोन्ही हात वाळूवर टेकले, मान वाकवली आणि लहानपणी न्हाणीघरात धरून ठेवलेला तो सगळा श्वास जणू आता सोडला.

“तुझा एकही जोड गळत नाहीये. मी नळ सोडून बसते आत. तुला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. लघवीचा. मला लाज वाटते. पहिल्या दिवसापासून सोडते, आणि तू सगळे पाइप उघडलेस, तरी मी सांगितलं नाही.”

पाय हलायचे थांबले. मागे आजोबांना खोकला आला. आजींनी त्यांना दंडाला धरून तंबूकडे वळवलं. जाता जाता त्या म्हणाल्या, “चित्र मी ठेवलंय हं, बाळा. फाडलं नाही.”

तो सरपटत बाहेर आला. केसांत वाळू, गालावर काळा ओघळ. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, उलटसुलट करून, हरवलेली वस्तू सापडावी तसं. रागावेल, असं तिला वाटलं. रागावलेलं परवडलं असतं.

“एकही नाही?” त्याने विचारलं.

“एकही नाही.”

तो उठला. पायरीवरची बाटली उघडली, पेला काठोकाठ भरला आणि तिच्यापुढे धरला. ती प्यायली. गटागट, आवाज करत, हनुवटीवर सांडत. त्याने पुन्हा भरला. ती पुन्हा प्यायली.

“तलावाशी पोचलो की टाकी भरून घेऊ,” तो म्हणाला. मग जरा घुटमळला. “मी असं करू का? तू आत गेलीस की लांब जात जाईन. अगदी त्या टेकाडापर्यंत. किंवा... मी गाऊ?”

तिने पेला खाली ठेवला. ओढणीने तोंड पुसायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

“गाऊ नकोस,” ती म्हणाली. “आणि बाहेरही जाऊ नकोस. मी आत असले, की तू गाडीतच बस. दाराशी.”