रबीअच्या गळ्यातली किल्ली

"माझा नवरा रबीअ निष्काळजी होता, असं गिरणीवाले लिहून देतायत." इनशिराहने काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली टेबलावर ठेवली. "ही त्यांच्या गळ्यातली. पोरं विचारतात, बाबा खरंच कुलूप विसरले का? काय सांगू?"

इजिप्तमधल्या महल्ला शहरात खासगी तपास करणाऱ्या शौकतने किल्ली उचलली.

"किल्ली गळ्यात असली तरी कुलूप लावलंच असेल असं कुठंय?" त्याचा सोबती हिल्मी म्हणाला.

"तू चहा पी."

कापडगिरणीचा नियम सोपा होता. अकरा हजार व्होल्टचं पॅनेल उघडण्याआधी पलीकडच्या खोलीतला मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप ठोकायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. दुसरी किल्लीच नसायची. गुरुवारी दुपारी वीजतंत्री रबीअचे हात पॅनेलमध्ये असताना वीज सुरू झाली आणि तो जागीच गेला.

गिरणीच्या भांडारातले बेशीरकाका आधीच वैतागलेले होते. "मला काय विचारता? गुरुवारी तल्अतसाहेबांनी लोखंड कापायची कात्री नेली, पंख्याची जाळी कापायला म्हणून."

पंख्याची जाळी जशीच्या तशी होती.

सुपरवायझर तल्अत म्हणाला, "स्विचला कुलूप नव्हतं. रबीअच्या चपला पॅनेलशेजारच्या नमाजाच्या खोलीबाहेर होत्या. वाटलं, काम उरकून नमाजाला गेलाय, म्हणून स्विच सुरू केला. कुलूप त्याच्या पेटीतच सापडलं, बघा."

पेटीतली पक्कड, पाने सगळं सुताच्या कणांनी पांढरं झालेलं होतं. कुलूप मात्र लखलखत होतं.

"मेला तेव्हा पायात काय होतं?" शौकतने विचारलं.

"रबरी बूट."

शौकतने इनशिराहला तिथेच बोलावून घेतलं. तिची किल्ली त्याने कुलपात घातली. ती फिरेना.

"हे कुलूप त्याचं नाहीच," शौकत म्हणाला. "त्याचं स्विचवर होतं. तुम्ही ते कात्रीने तोडलंत आणि नंतर नवं पेटीत टाकलंत. जो माणूस बूट चढवायला विसरला नाही, तो कुलूप विसरेल? चपला त्याने बूट घालण्यासाठीच काढल्या होत्या."

"माग बंद पडले होते," तल्अत पुटपुटला. "मालकांचे फोनावर फोन. मला खरंच वाटलं, तो नमाजाला—"

"मग दार लोटून बघायचं होतं. एक हाक मारायची होती." शौकतचा आवाज चढला. "चपला बघून माणसाचा जीव घेतलात, आणि वर मेलेल्यालाच बेफिकीर ठरवलंत. लाज नाही वाटली?"

हिल्मीने मान खाली घातली.

इनशिराहने किल्ली परत गळ्यात घातली.

"चला, पोलिसांकडे," ती म्हणाली. "पोरं शाळेतून यायच्या आत लिहून झालं पाहिजे."