गाडीला हवा धरली

सकाळचं काम साधंच असायचं. स्वप्नील ट्रक काढायचा, मी प्रियलला कडेवर घेऊन दारात उभी राहायची, ती बाबाला टाटा करायची, आणि कापूस भरलेली गाडी भडगावहून धुळ्याच्या जिनिंगकडे निघायची. यात भिण्यासारखं काय आहे, सांगा. मीही तेच म्हणते. म्हणजे, म्हणत होते.

ट्रक जुना. दिवाळीनंतर अमळनेरहून घेतलेला. घरी आला तेव्हापासून सेल्फ मारला की इंजिन दम लागलेल्या माणसासारखं फिरायचं. रुंऽऽ... रुंऽऽ... मग एक लांबलचक थांबा. त्या थांब्यात तंबाखूचा आणि ओल्या घोंगडीचा वास यायचा, आणि मग एकदम धडधडत सगळं चालू. प्रियल तेवढ्या वेळात माझ्या कानाशी पुटपुटायची, "बसू दे... बसू दे..." मला वाटायचं, पोरीला बाबाच्या गाडीत बसायचंय.

माझ्या सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, आठवड्याच्या आत निदान केलं.

"पोरले मझार ली जाय. तिना पायगुण लागस गाडीले."

दोन वर्षांची पोर! माझी मुलगी म्हणजे काय बॅटरी उतरवायचं यंत्र आहे? मी तिला घरात नेलं, दार लावलं. ट्रक तसाच कण्हत राहिला. तर सासूबाई म्हणाल्या, पायगुण काय दाराला विचारून जातो का! स्वप्नील मान खाली घालून टायरची हवा बघायला लागला. मला ते जास्त लागलं.

मग झुलालभाऊ मिस्त्री आले. बॅटरी नवी टाकली, फिल्टर उघडला, हातपंप मारमारून डिझेल काढलं आणि हात पुसत म्हणाले, "वैनी, गाडी हवा धरी ऱ्हायनी."

ओसरीवरून सासूबाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं. "मी सांगस ना, हवाच शे! बाहेरनी हवा!"

झुलालभाऊ डिझेलच्या नळीतल्या हवेबद्दल बोलत होते. समजावून सांगायला काय जात होतं त्यांचं? पण चहा सासूबाईंच्या हातून यायचा होता. "ते बी शे, अक्का," म्हणाले आणि मान डोलावली. संध्याकाळी बंपरला लिंबू-मिरची लागली आणि माझ्या पोरीच्या कपाळाला अंगारा.

जेवताना स्वप्नील ताटात बघत म्हणाला, "दिपमाला, थोडे दिवस प्रियलला वरणगावला ठेव ना तुझ्या आईकडे. गाडी ताळ्यावर येईपर्यंत."

गाडीसाठी पोर घराबाहेर! मी उठून गेले. भांडी इतकी आपटली की प्रियल रडायला लागली. म्हणजे तेही माझ्यावरच.

मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स, सेकंड क्लास. स्वतःवर विश्वास ठेवायला पुरेल इतकं शिक्षण नाही ते. पण एवढं कळतं की नळीत हवा असती तर सेल्फ जोरात फिरला असता आणि इंजिन चालू झालं नसतं. इथे तर सेल्फच दमत होता. बॅटरी नवी, मग वीज वाटेत कुठेतरी अडत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच झुलालभाऊंना बोलावलं.

"सेल्फ मार," मी स्वप्नीलला म्हटलं.

"काय करायचंय तुला?"

"मार म्हणते ना!"

रुंऽऽ... मी वाकून इंजिनखाली हात घातला. डोक्याशी क्लीनरच्या बाजूचा कमानपाटा करकरला. ती बाजू हळूच खाली दबली, कोणी पायदानावर पाय ठेवावा तशी. इंजिन हललं की गाडी हलणारच, फिजिक्सच आहे, मी स्वतःला बजावलं. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी हाताला चटकली. गरम! बोल्टखाली नुसता रंग आणि गंज.

"पॉलिश पेपर द्या. आणि पाना."

"वैनी, आता दुकानबी तुम्हीच चालवा," झुलालभाऊ हसले. मी नाही हसले. घासघासून लोखंड चकाकवलं, बोल्ट आवळला.

सासूबाईंनी प्रियलला धरून ठेवलं होतं. ती हात झटकत होती. "नको ना... आबा बसू दे... आबा..."

आमच्या घरात आबा कोणी नाही. सासऱ्यांना नाना म्हणत, आणि ते माझ्या लग्नाआधीच गेले.

"मार!" मी ओरडले.

एका झटक्यात इंजिन चालू झालं. स्वप्नील इतका हरखला की हॉर्न वाजवत त्याने गाडी तशीच पुढे काढली. क्लीनरच्या बाजूचं दार सताड उघडं होतं. ते कोणी उघडलं, मला माहीत नाही.

प्रियल किंचाळली. "आबा पडले!"

कोणी लक्ष दिलं नाही. झुलालभाऊ टाळ्या वाजवत होते. सासूबाईंनी, हो त्यांनीच, पोरीचे मटामटा मुके घेतले. "मनी लक्ष्मी ती!" मी विजयी चेहऱ्याने उभी होते, पण माझी नजर अंगणातल्या रिकाम्या मातीवरून हटत नव्हती.

दुपारी धुळ्याहून फोन आला. "दिपमाला, गाडी इतकी हलकी पळतेय... कोणी ओझं उतरवून घेतल्यासारखी."

मी फोन ठेवला. ओसरीवर केर काढायचा होता. प्रियल भिंतीला टेकून उभी होती. तिचा झोका मोकळा होता, आणि एरवी त्यावरून न उतरणारी पोर त्याच्याकडे नुसती बघत होती. मी त्याला बाजूला ढकललं. झोका हलला... पण हळू, फार हळू. दोर ताणून करकरले. तंबाखूचा वास आला.

"काय झालं वं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

काय सांगू? सांगितलं की पुन्हा पोरीवरच येणार. आणि या खेपेला माझ्याकडे पाना नाही.

"काही नाही," मी म्हटलं.

झोका माझ्याकडे परत येत होता. मी हात लावला नाही. मधेच तो थांबला, कोणीतरी जमिनीवर पाय टेकावेत तसा.