ओल्या ब्रेकची साक्ष

सगुणा गुप्त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या कपाळावरची खोक अजून ओली होती. बाळाजी वर्तकांनी चहाचा कप खाली ठेवला. गुप्त्यांनी मात्र आधी तिला बसायला पाट दिला आणि मगच विचारलं, "दगड कोणी मारला?"

"कोण कोण म्हणून सांगू? आख्खा गाव हाय," ती म्हणाली. "माझ्या घरवाल्याला पेणच्या फौजदारानं कोठडीत टाकलंय. धर्माजी शेटला त्यानं मारलं म्हणतात. गुप्तेसाहेब, त्याला सोडवा, न्हायतर त्याला फाशी आन् मला गावात जाळतील."

तिचा नवरा मोरू मोटारी दुरुस्त करायचा. खारढोंडीचे मिठागरवाले धर्माजी आपल्याच गोदामाच्या भिंतीशी आपल्याच जुन्या विलायती मोटारीखाली सापडले होते. आदल्याच रात्री मोरूने त्या मोटारीचे ब्रेक बदलून दिले होते. एवढं गावाला पुरे झालं. चौकशी वगैरे करायला शहाणपण लागतं आणि दगड उचलायला काही लागत नाही.

गुप्ते पेणमध्ये खासगी तपासाची कामं करत. बाळाजी विम्याची कामं करत आणि उरलेला वेळ गुप्त्यांच्या मागे हिंडत.

कोठडीत मोरू गजांकडे पाठ करून बसला होता.

"काय काम केलंस?" गुप्त्यांनी विचारलं.

"सांगून काय उपेग? फौजदाराला सांगितलं, तो हसला." मग तो वळला. "चारी चाकांचे ड्रम काढले. मुंबईच्या भंगारात एक फुटलेली परदेशी गाडी मिळाली, तिचे डिस्क ब्रेक बसवले. ड्रम म्हणजे झाकलेला डबा. ह्या उघड्या चकत्या. दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा काढतात. वर चाकाच्या टोप्या जुन्याच घातल्या. शेटनं स्वतः चालवून बघितली, खूश झाला."

फौजदार टेबलाशी कुत्सितपणे हसले. "ऐकलंत ना? झाकलेलं उघडं करून ठेवलं ह्या शहाण्यानं. खाडीचं पाणी आत जाणार नाही तर काय होणार? माणूस मेला."

बाळाजींना ते पटलं. बाहेर येताच ते म्हणाले, "गुप्ते, फौजदार उद्धट आहे, पण बोलला बरोबर."

"तुम्हाला पटलं म्हणजे मला काळजी नाही," गुप्ते म्हणाले आणि टांग्यात चढले.

खारढोंडीत त्यांना पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. पोरं मागे लागली, बाया दारं लावू लागल्या. धर्माजींची मुलगी कोकिळा ओटीवर उभी राहूनच बोलली.

"मोरूची वकिली करायला आलात तर आल्या पावली जा."

"तुमच्या वडिलांना ब्रेक का बदलायचे होते?"

"दर उधाणाला खाडीवरच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, पाणी चढतं, ब्रेक भिजतात, लागत न्हाईत. बाबा वैतागले होते. मोरूला म्हणाले, नवे घाल. मला गाडीतलं दुसरं काही कळत न्हाय. सदू तेव्हा मिठाचं गलबत घेऊन उरणला गेला होता. अपघाताच्या सकाळीच आला."

"सदू म्हणजे?"

"चुलतभाऊ. गाडी तोच हाकतो, त्या दिवशीही तोच हाकत होता. बाबांनी मिठागर माझ्या नावावर करायचं बोलून दाखवलं, तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाय. पण त्याला कशाला बोल लावता? तो बिचारा रडून रडून अर्धा झालाय."

बिचारा सदू गोदामाच्या सावलीत विडी ओढत होता. गुप्त्यांना बघून त्याने ती विझवली नाही.

"फौजदाराला सांगितलंय सगळं."

"मलाही सांग. मी म्हातारा, कान जड."

"फरशीवर उधाणाचं पाणी होतं. गाडी पार केली. मग आपण सगळेच करतो तसा ब्रेकवर पाय ठेवून बांधभर सुकवत आणली. काका इथं डाव्या हाताला उभे. दाबला, तर डाव्या चाकाचा ड्रम तेवढा सुकलेला, त्यानं धरलं. उजव्याचा ओला, त्यानं सोडलं. गाडी डावीकडं ओढली." त्याने बाहीने डोळे पुसले. "मोरूनं ड्रममधल्या घासायच्या पट्ट्या, ते लायनर, हलके घातले. त्याचं मढं पडो."

बाळाजींना गलबलून आलं. अलिबागच्या वाटेवर त्यांच्या मित्राच्या गाडीने असंच त्यांना डावीकडच्या केवड्याच्या बनात नेलं होतं. ह्या किनाऱ्यावर ज्याने मोटार हाकली त्याला ही ओढ ठाऊक.

गुप्ते मात्र खाली वाकून जमीन बघत होते. बांधावरची माती ओली होती तेव्हा उठलेली चाकोरी आता मिठाच्या पापुद्र्यासकट वाळून घट्ट झाली होती. बाळाजींनीही ती पाहिली. बांधावरून डावीकडे, भिंतीपर्यंत, चारी चाकांची रेघ सारखी वळत गेली होती. कुठे खरवड नाही, ओरखडा नाही.

"फौजदारांना बोलवा," गुप्ते म्हणाले. "दुपारी पाणी चढेल. गाडीही आणा."

दुपारी सगळा गाव बांधावर जमला. फौजदारांच्या मागोमाग आलेली सगुणा एकटी एका बाजूला उभी होती, तिच्या जवळ कोणी जाईना. गुप्त्यांनी बाळाजींना मागे बसवलं, फौजदारांना शेजारी, आणि फुटक्या दिव्याची ती मोटार सरळ फरशीवरच्या पाण्यात घातली. चाकं अर्धी बुडाली. बाळाजींनी देवाचं नाव घेतलं. पाण्यातून बाहेर येताच गुप्त्यांनी वेग वाढवला आणि भिंतीसमोर एकदम ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. फौजदारांची टोपी काचेवर आपटली.

"ओले होते ना ब्रेक?" गुप्ते उतरले. "फौजदारसाहेब, झाकलेल्या डब्यात पाणी शिरलं की अडकून बसतं. उघडी चकती फिरता फिरता पाणी फेकून देते, उरलेलं पॅड पुसून काढतात. म्हणून तर धर्माजींनी हे काम करून घेतलं. सदू म्हणतो, डावा ड्रम सुकला, उजवा ओला राहिला. ह्या गाडीत ड्रम नाहीत. तो गावात नसताना काढले, आणि टोप्या जुन्याच असल्यानं त्याला ते दिसलं नाही. नवे ब्रेक म्हणजे नवे लायनर, असं त्यानं धरलं. मग खोटं सांगताना त्यानं तेच सांगितलं जे इथला कुठलाही ड्रायव्हर सांगेल, आणि तुम्ही सगळ्यांनी तेच मानलं, कारण ते तुमच्यावर गुदरलंय."

"चकतीसुद्धा अडकली असेल," सदू म्हणाला. तोंड पांढरं पडलं होतं.

"एक चाक धरून गाडी ओढली गेली असती तर त्या चाकानं माती खरवडली असती. ही रेघ बघा. कोणी ब्रेक दाबलाच नाही. स्टिअरिंग फिरवलं आणि वेग तसाच ठेवला."

सदूने आजूबाजूला पाहिलं. कोकिळा पुढे आली तसा तो तिच्यावरच धावून गेला. "मीठ मी भरायचं, गाडी मी हाकायची, आन् मिठागर हिचं? व्हय, केलं मी."

दोघा शिपायांनी त्याला धरलं. कोकिळाने त्याच्याकडे पाठ फिरवली. सकाळी दगड हातात घेतलेली माणसं आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांतला एक पुढे येऊन सगुणाला म्हणाला, "वयनी, चुकलं आमचं. मोरूला आणायला आम्हीच गाडी घेऊन जातो."

सगुणाने कपाळावरचा पदर सरकवला, खोक उघडी केली आणि त्याला नीट बघू दिली.

"न्हाय," ती म्हणाली. "मी चालत जाईन. आन् आम्ही दोघं इथं परत येणार न्हाय. बाजूला व्हा."

लोकांनी वाट सोडली. ती पेणच्या दिशेने चालू लागली, आणि बाळाजी गुप्त्यांच्या आधी तिच्या मागे निघाले.