सकाळीच खडखडणारी गाडी

"मॅडम, सकाळी लई खडखड करती ओ..." तो म्हणाला. आणि भर दुपारी त्याची गाडी माझ्यासमोर शिलाई मशीनसारखी सुरळीत चालत राहिली.

संगमनेरात बाईचं गॅरेज एकच, माझं. गिऱ्हाईकं मला 'ताई' म्हणतात आणि मला ते बरं पडतं. हा एकटा 'मॅडम' म्हणाला — तेही नजर माझ्या हातातल्या पान्यावर ठेवून. नाव रविराज, दूध संघाचा सुपरवायझर. गावोगावची संकलन केंद्रं फिरून मोटारसायकलचे सव्वा लाख किलोमीटर झालेले.

"कुठाय आवाज?"

"आता थांबला न्हवं का."

"माझ्यासमोर बरा थांबतो!"

तो हसला. गालाला खळी पडली... ती मी पाहिली नाही म्हटलं तर खोटं होईल.

आठवड्याने परत आला. तीच तक्रार, तीच शहाण्यासारखी चालणारी गाडी. खरं सांगते, मी वाट पाहत होते. पण तिसऱ्यांदा आला तेव्हा समोरच्या टपरीवरचे लोक खिदळले आणि माझं डोकं फिरलं. गाडीचं निमित्त काढून मला बघायला येणारे का थोडे पाहिलेत मी? "गाडीला काही झालेलं नाही," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "पुन्हा येऊ नका." त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हेल्मेट घातलं आणि एक शब्द न बोलता गेला.

पंधरा दिवस फिरकला नाही. मला करमेना, पण सांगणार कोणाला?

मग एका थंडीच्या सकाळी, गॅरेजात मुक्कामाला राहिलेली एक जुनी गाडी मी सुरू केली. डब्यात खिळे हलवावेत तशी ती खडखडली... आणि अर्ध्या मिनिटात गप्प! इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर झिजला की असंच होतं. गार इंजिन ओरडतं, तेल वर चढलं की साळसूद. आणि तो बिचारा दर वेळी वीस किलोमीटर गाडी तापवून माझ्याकडे येत होता! मला, मेकॅनिक म्हणवणारीला, एवढं सुचू नये? चालत्या गाडीत चेन सरकली असती तर?

पहिल्याच दिवशी लिहून घेतलेला नंबर लावला.

"गॅरेजमधून निकिता बोलतेय. गाडी सुरू केलीत?"

"न्हाई अजून..."

"करू नका. पत्ता सांगा, मी येतेय."

प्रवरेपलीकडच्या वस्तीवर त्याच्या आईने, लंकाबाईंनी, आधी चहा हातात दिला. मग त्याने किक मारली — खडखडखड! इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. अंगणातच बसून टेन्शनर नवा घातला. चेन अजून धड होती. तो बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसला. बोटांना बोटं दोनदा लागली. घाईने कुणीच काढली नाहीत.

गाडी सुरू केली. कुठे खुट्ट नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "चार लोकांत उगाच आळ घेतला तुमच्यावर."

तो खाली बघत राहिला. "पयल्या दोन टायमाला आवाजासाठीच आल्तो, मॅडम. तिसऱ्या टायमाला... तुमाला वाटलं ते खरंच हुतं. म्हणून तर गप निघून गेलो."

मला तो आवडत होता, आणि ते लपवायला आता गाडीचा आडोसाही उरला नव्हता.

"मग चौथ्यांदा या," मी म्हणाले. "पण गाडी न आणता."

संध्याकाळी तो एसटीने आला.