खिंडीतली मोजदाद

तुम्ही पोलिसांचा कागद वाचलाय ना? ट्रकनं उडवलं म्हणून लिवलंय त्याच्यात. साफ खोटं हाये. बसा, मी सांगतो, पण मधी बोलू नका.

अंबडकडून जालन्याला येणारा एक रस्ता नव्यानं खिंडीतून थेट काढला होता. त्याच्यावरून किती वाहनं जातात ते मोजायचं काम मला अन् हरिओमला मिळाल्तं. काम सोपं. खिंडीच्या अलीकडं मी, पलीकडं हरिओम. मधी तीन किलोमीटर, एकही फाटा न्हाई, दोन्ही अंगाला कापलेला दगड. आत गेलं ते बाहेर निघालंच पाहिजे. गाडी गेली की कागदावर काडी मारायची, बस.

माझ्या बाजूला साळूबाईची चहाची टपरी. पहिल्याच दिवशी म्हातारी म्हणली, "हितून रस्ता काढाय नको व्हता, बाबा. बैलगाड्यांची जुनी वाट हितूनच व्हती. निजामाच्या वक्तात दोन कोस वळसा घालून सडक नेली. कामून नेली, इचार तुझ्या गावात."

"तुम्हीच सांगा की, मावशी."

"एक वऱ्हाड कापलं व्हतं ह्या खिंडीत. दागिन्यांसाठी. कुऱ्हाडीनं. लेकरं बी सोडली न्हाईत. कापणारे तुझ्याच गावचे."

मी हसलो. म्हातारीला दिवसभर बसून दुसरं काम काय!

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक बैलगाडी खिंडीत शिरली. वरून कापडाचं छप्पर, आत बाया बसलेल्या. मी काडी मारली. गाडी गेली तरी मागं कच्च्या मटणाचा वास राह्यला.

अर्ध्या तासानं स्कुटीवर अर्पिता आली, माझी धाकटी बहीण. जालन्याला बियाण्याच्या कंपनीत तिची मुलाखत होती. आमच्या घरात नोकरीला निघालेली पहिलीच पोरगी. "दादा, माझी बी काडी मार!" असं ओरडून हसत गेली. लई अभिमान वाटला मला.

वीस मिनिटांनी हरिओमला फोन लावला. "अर्पिता निघाली का रे?"

"न्हाई आली."

"अन् बैलगाडी?"

"कोणती बैलगाडी? उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

मी मोटारसायकल काढली. खिंडीत वारा बंद. लाकूड फोडल्यावानी आवाज येत होता… ठक… ठक… तिथं एकही झाड न्हाई, हो!

वळणावर स्कुटी उभी होती, इंजिन चालू. सीटवर चार खोल घाव, त्यात रक्त साचलेलं. खाली तिची वेणी पडल्ती, मानेपासून तोडलेली. रक्ताचे ठिपके डांबरावरून पुढं गेल्ते अन् मधीच थांबले होते. ठक… ठक… आता अगदी कानाशी.

"अर्पे!" मी जीव खाऊन ओरडलो. आवाज थांबला.

फोन वाजला. हरिओम रडून राह्यला होता. "भारत, आली रे ती… चालत आली… तिचा हात न्हाई रे…"

अकरा घाव होते. डावा हात खांद्यापासून गेला. जालन्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. मी तिच्या तोंडाशी कान नेला.

"गाडीतल्या बाईनं हाक मारली, दादा… म्हणली, कुणाची गं तू? मी आजोबांचं नाव सांगितलं."

रस्त्यात मोठं माणूस भेटलं की हेच विचारतं, अन् आपण बी हेच सांगतो. पोरीचं काय चुकलं, सांगा ना!

"मंग?"

"मंग म्हणली… घरी कोण कोण हाये? मी म्हणलं, आई, दादा, वहिनी. तिघं. तिनं बोटं मोजली. म्हणली, न्हाई… चौघं."

बाहेर येऊन घरी फोन लावला. ज्योत्स्नानं, माझ्या बायकोनं उचलला.

"आधी दार लावून घे," मी म्हणलो.

"लावते. पण ऐका ना," ती हळूच म्हणली. "ताईंचं हे असं झालं, म्हणून बोलले न्हाई… मला दिवस गेलेत."