तीसच्या वर गेलं तर

अर्ध्या तासाचं काम होतं गं श्रिया. क्वेकर्स हिलला जायचं, मशीन उचलायचं, एका कागदावर सही घ्यायची आणि येताना ब्लॅकटाउनला थांबून कढीपत्ता घ्यायचा. मी डबासुद्धा नेला नव्हता. सोमवारपासून घरोघरी जायचं काम तुझ्याकडे येणार, म्हणून तुला सांगते. ऑफिसात मी रजेच्या अर्जावर ‘स्ट्रेस’ लिहिलंय, ते तोंडदेखलं. खरं काय झालं ते ऐक, आणि मध्येमध्ये ‘अगं पण’ करू नकोस.

आपली स्टडी तुला कागदावर माहीत आहे. घोरता घोरता ज्यांचा श्वास थांबतो, अशा आपल्या देशी पेशंटांना मास्कचं मशीन द्यायचं आणि वर्षभरात बीपी, शुगर, झोप यांत काय फरक पडतो ते लिहायचं. मशीनमध्ये सिमकार्ड असतं. किती तास लावलं, श्वास कितीदा थांबला, किती सेकंद थांबला, सगळं आपोआप आपल्या स्क्रीनवर येतं. शिवाय दर महिन्याला फोन करून प्रश्न विचारायचे. उत्तर पेशंटनेच द्यायला हवं, असा नियम आहे. आता मला सांग, आपल्याकडे नवऱ्याच्या तब्येतीबद्दल नवरा बोलतो का कधी? फोन बायकोच घेते. ‘तो झोपलाय, मला विचार.’ मी तिला विचारायचे आणि ‘पेशंटने स्वतः सांगितलं’ या चौकोनात टिक करायचे. वाईट हेतू नव्हता गं. कामं उरकायची होती.

दत्तप्रसाद हा त्यातलाच एक. मूळचा ठाण्याचा, चव्वेचाळीस वर्षांचा, रात्रपाळीला एका बँकेचे सर्व्हर सांभाळायचा. सकाळी साडेनऊला झोपायचा, दुपारी साडेचारला उठायचा. बायको मयूरा, मुलगी ओवी, आठ वर्षांची. मास्क म्हटला की त्याच्या कपाळाला आठ्या. मला स्क्रीनवर दिसायचं ना: चाळीस मिनिटं, वीस मिनिटं, शून्य. फोन केला की मयूरा म्हणायची, “लावतो गं दत्ता रोज. नेटवर्कचा काहीतरी घोळ असेल.” आपल्या नवऱ्यामुळे एका मराठी मुलीचे आकडे बिघडायला नकोत, एवढंच तिच्या मनात. ती खोटं बोलतेय हे मला कळत होतं. पण माणसं स्टडीतून गळत होती, वरून रोज विचारणा व्हायची. मी ‘नेटवर्क’ असं लिहिलं आणि टिक करून मोकळी झाले.

ऑक्टोबरच्या फोनवर ती म्हणाली, “मी त्याच्या शेजारीच बसते लॅपटॉप घेऊन. श्वास थांबला की मोजते. तीसच्या वर गेलं तर हलवते.” वर्षभर असं चाललं होतं तिचं. आवाज नुसता शिणलेला. मी म्हटलं, “मशीन आहे ना आता? मग कशाला जीव टांगणीला लावतेस? झोप की जरा निवांत.”

हे मी म्हटलं. मास्क लावला जात नाहीये हे माहीत असताना म्हटलं.

बारा नोव्हेंबरला दुपारी ती त्याच्या शेजारी जरा कलंडली. जाग आली तेव्हा दत्तप्रसाद गेलेला होता. मास्क कपाटात, पिशवीत घडी करून ठेवलेला.

मी त्याची फाइल बंद केली. समाचाराला गेले नाही, नुसता मेसेज टाकला. कुठल्या तोंडाने जाणार होते? मग जानेवारीत सिस्टिमवर लाल खूण आली, बंद झालेला पेशंट डेटा पाठवतोय. उघडून बघते तर पंचवीस नोव्हेंबरपासून, म्हणजे तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज सात तास! सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार, एका दिवसाचा खाडा नाही. हवेची गळती शून्य, म्हणजे मास्क कुणाच्या तरी चेहऱ्यावर घट्ट बसलेला. मिनिटाला चौदा श्वास, मधूनच थांबणारे, पुन्हा सुरू होणारे.

मी वैतागले. म्हटलं, दिलं असणार कुणा भावाला नाहीतर शेजाऱ्याला. चांगली वस्तू घरात पडून राहिलेली बघवत नाही आपल्याला. गाडी काढली आणि निघाले.

इथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, त्या दिवशी बेचाळीस डिग्री होतं. शाळांना सुट्ट्या, पण रस्त्यावर पोर दिसत नव्हतं. सगळ्या घरांच्या खिडक्यांची शटरं खाली. ओवीने दार उघडलं आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, “शूज ऑफ, प्लीज. अँड बी क्वाएट, ओके? डॅड इज ऑन नाइट्स.”

म्हणजे बाबाची रात्रपाळी आहे, झोपलाय. म्हटलं, पोर आहे, मनाची समजूत घालून घेतली असेल बिचारीने.

आत अंधार आणि एसीची घरघर. मयूरा पॅसेजमध्ये, बेडरूमच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मला ओळखूच येईना. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, आणि उजव्या हाताचा अंगठा सारखा बोटांच्या पेरांवरून फिरतोय.

“मयूरा, मशीन न्यायला आलेय गं.”

“हळू बोल.”

“कोण वापरतंय ते?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं, असं. मग हळूच म्हणाली, “तूच सांगायचीस ना, रोज सात तास लावलं पाहिजे म्हणून? आता लावतो. अजिबात कटकट करत नाही.”

मी दार ढकललं.

खोलीत शटरच्या फटीतून एक बारीकशी उजेडाची रेघ तेवढी येत होती. तापलेल्या रबराचा वास, खोबरेल तेलाचा वास, आणि बंद खोलीत खूप वेळ कुणी झोपलं की येतो ना, तो आंबूस वास. मशीनचा सूंऽऽ आवाज. मी मोबाइलचा टॉर्च लावला. पलंगावर एक उशी, आणि त्या उशीला मास्क पट्ट्यांनी आवळून बांधलेला.

हात्तिच्या! म्हणजे उशीने हवा अडत होती, म्हणून गळती शून्य. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काही नाही. मला हसू यायचं बाकी होतं. मग मी मशीनच्या छोट्या स्क्रीनकडे बघितलं. हिरवी रेघ वर जात होती, खाली येत होती. वर... खाली... अगदी संथ.

उशी काही श्वास घेत नाही गं.

बघता बघता रेघ सपाट झाली. पाठीमागून, दारातून, मयूराचा आवाज आला. “एक... दोन... तीन...” तिला तिथून स्क्रीन दिसतच नव्हता. ती मोजत राहिली. सव्वीसला नळीमध्ये ‘खर्र’ असा आवाज झाला, कुणी खोल, घशातून श्वास ओढावा तसा, आणि रेघ पुन्हा वर गेली.

“आला,” मयूरा म्हणाली.

मी तिला ओढत किचनमध्ये नेलं. पाणी दिलं. “किती दिवस झोपली नाहीस?”

“रात्री लागतो थोडा डोळा. दिवसा नाही झोपत.” आणि मग इतक्या साधेपणाने म्हणाली, “मला झोप लागली तर परत जाईल ना गं तो.”

श्रिया, त्या वेळी मला भीती वाटत नव्हती. मला स्वतःची लाज वाटत होती. माझ्या समोर एक बाई माझ्या एका वाक्यापायी झिजत चालली होती. आणखी तीन महिने असेच काढले असते तर तीही गेली असती, आणि ती आठ वर्षांची पोर कुणाकडे बघणार होती? तू मला मूर्ख म्हण, पण माझ्या तोंडून निघून गेलं, “तू पड जरा. मी बसते आत. मी मोजते.”

“नक्की?”

“नक्की.”

“तीसच्या वर गेलं तर हलव हं.”

“हलवीन.”

ती सोफ्यावर आडवी झाली आणि त्याच क्षणी झोपली. ओवी आयपॅड मांडीवर ठेवून आईकडे टक लावून बघत होती. “इज शी ओके? शी डझन्ट डू दॅट,” ती म्हणाली. मी म्हटलं, “दमलीय बाळा. झोपू दे.” आणि खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पहिल्यांदा बारा सेकंद. मग एकोणीस. मग एकतीस झाले, तेव्हा मी हात पुढे करून उशी हलवली. उशी गरम होती, मास्कखाली ओलसर. बेचाळीस डिग्रीत सगळंच गरम लागतं, असं मी स्वतःला बजावलं. ‘खर्र’ झालं, रेघ वर गेली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! तेव्हा माझं मलाच कळलं की मीसुद्धा त्याच्यासाठी थांबले होते.

दोन वाजून सोळा मिनिटांनी रेघ पुन्हा सपाट झाली. तीस. चाळीस. मी उशी हलवली. साठ. दोन्ही हातांनी गदागदा हलवली. शंभर... दीडशे... तीनशेपर्यंत मोजलं. नळीतून नुसती हवा वाहत होती.

मग मला सुटल्यासारखं वाटलं. खरं तेच सांगते. मी बटण बंद केलं, मास्क सोडला, सगळं बॅगेत भरलं आणि मयूराला उठवलं. म्हटलं, “गेला गं दत्ता. शांत गेला. मी शेजारीच होते.”

तिने माझा हात धरला. “जागी होतीस ना तू?”

“होते.”

“मोजत होतीस?”

“तीनशेपर्यंत मोजलं. हलवलंसुद्धा. त्याला जायचंच होतं गं. तुझी काही चूक नाही. तेव्हाही नव्हती.”

त्यावर ती जी रडायला लागली! ओवीला पोटाशी धरून, मोठमोठ्याने. नोव्हेंबरपासून रडली नव्हती म्हणे. मग तोंड धुऊन आली, कागदावर सही केली आणि मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी निघाले, ब्लॅकटाउनला थांबले, कढीपत्ता घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचा रिपोर्ट आला. सात तास. सर्वांत मोठा खंड बावन्न मिनिटांचा, दोन सोळा ते तीन आठ. त्यापुढे साडेचारपर्यंत मिनिटाला चौदा श्वास, व्यवस्थित. तीन आठला मी दुकानात होते. मशीन गाडीच्या डिकीत, नळी काढलेली, वायर गुंडाळून ठेवलेली.

फोन करायला हवा होता मयूराला, हो ना? हातात फोन घेतला, तर तिचाच मेसेज आलेला. ‘चौदा तास झोपले. सकाळी ओवीसाठी थालीपीठ केलं. तुझे उपकार कसे फेडू?’ आता या बाईला काय सांगू? की तो गेला नव्हता, मीच त्याला बॅगेत कोंबून घेऊन आले? पुन्हा ती त्या खुर्चीवर जाऊन बसली असती. मी ऑफिसात लिहून दिलं, मशीन हरवलं.

ते आमच्या गॅरेजमध्ये आहे. वायर जोडलेली नाही, मास्क लावलेला नाही, तरी रोज साडेनऊला स्क्रीन लागतो. म्हणून ही रजा. नवऱ्याला, सलिलला, रजेचं माहीत नाही; त्याला वाटतं मी तिथे बसून मीटिंगा करते. मी मोजते. तीसच्या वर गेलं की मशीन हलवते. फेकून दे म्हणशील, पण नाही होत माझ्याच्याने. एकदा माझ्या हलगर्जीपणाने तो गेला, पुन्हा माझ्यामुळे नको.

घाबरू नकोस, तुला ते मशीन देत नाहीये. तुला बोलावलं ते गुरुवारच्या गोष्टीसाठी. हे मला एकटीला पोटात ठेवता येईना.

गुरुवारी दुपारी मोजता मोजता माझाच डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. जाग आली तेव्हा माझ्या छातीत हवा नव्हती. तोंड उघडत होतं, पण श्वास आत जाईना. हात उचलेना. आणि माझ्या कानाशी कुणीतरी मोजत होतं. पुरुषाचा आवाज, रात्रभर जागून आलेल्या माणसाचा असतो तसा, जड, दमलेला.

“अठ्ठावीस... एकोणतीस... तीस...”

आता हलवेल, असं मला वाटलं. मी वाट बघत होते गं...

“एकतीस... बत्तीस... तेहेतीस...”

आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. सत्तेचाळीसला माझा मलाच श्वास सापडला, तोपर्यंत तो नुसता मोजत राहिला. त्याने मला हलवलं नाही.