झुमाशचा बोल्ट

बोल्ट अडकला की लोक बोल्टलाच शिव्या घालतात. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. फौजेच्या कोठारात पन्नास वर्षं पडून राहिलेल्या रायफलींना आतबाहेर ग्रीस थापलेलं असतं. वरचं पुसून निघतं, पण काडतूस बसतं त्या जागेतलं लाखेसारखं वाळून चिकटून राहतं. नळी थंड असेपर्यंत काही कळत नाही. एकदोन बार झाले, नळी तापली, की ते पाघळतं आणि काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला असं धरून ठेवतं की बोल्टचा दांडा वर उचलला जात नाही. आत-बाशीच्या खोऱ्यात चाळीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतोय. एवढं मला झोपेतही सांगता येईल.

फेब्रुवारीत बातमा वहिनी लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेली रायफल घेऊन आली. झुमाशची, तिच्या नवऱ्याची. झुमाश माझ्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा दोस्त. डिसेंबरात वरच्या गोठ्यापाशी लांडग्यांनी त्याला फाडला. दोन बार ऐकू आले होते. तिसरा आला नाही.

"गुरुवारी नुरदिन कळप घेऊन वर जातोय, उस्ता," ती म्हणाली. नुरदिन तिचा एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा. "नीट करून दे."

"दुसरी बंदूक बघू की त्याला."

"बापाचीच हवी म्हणतो. गावात काय बोलतात ते ऐकलंस ना? झुमाश लांडगा बघून गोठला. हातात भरलेली बंदूक आणि उभा राहिला मेंढीसारखा." तिनं चहाला हात लावला नाही. "पोराच्या तोंडावर बोलतात मेले."

मी मान खाली घालून नमदा सोडत राहिलो. तिसरा बार का आला नाही ते मला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात झुमाशनं हीच रायफल माझ्याकडे आणली होती. मी वरवर ग्रीस पुसलं, थंड नळीत रिकाम्या पुंगळ्या घालून बोल्ट चारदा चालवला आणि परत दिली. बार काढून पाहिला नाही. घरात नात जन्मली होती, तिचे चाळीस दिवस व्हायचे होते, आणि तान्ह्या बाळाच्या घराजवळ आपल्याकडे कोणी बार काढत नाही. ओढ्यापलीकडे जायला हवं होतं. मी कंटाळा केला.

मग डिसेंबरात त्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्यांत मी होतो. उजवा हात माझ्याकडे आला. तळव्याचा मनगटाजवळचा उंचवटा काळानिळा पडला होता. अडकलेला दांडा हातानं ठोकून ठोकून होतो तसा. मी त्यावर पाणी ओतलं आणि कोणाला काही बोललो नाही. आंघोळ घालणाऱ्यांना मयताचे कपडे देतात. मला त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट मिळाला. तो दुकानात खुंटीवर होता. अंगात घालायचा मला धीर झाला नव्हता.

सोमवारी मी काम नीट केलं. नळी तापवली, पितळी ब्रश फिरवला, रॉकेलचे बोळे घातले. तपकिरी चिकटा निघाला, मग बोळे पांढरे येऊ लागले. ओढ्यापलीकडे जाऊन दोन बार काढले.

बोल्ट अडकला.

दुकानात आणून रायफल बाकावरच्या लोखंडी पकडीत आवळली आणि लाकडी हातोडीनं दांड्यावर ठोका मारला. ठोक्यामागून आणखी एक आवाज आला. बोथट, मऊ. लोखंडावर मांस आपटल्यासारखा. तो खुंटीवरच्या कोटाच्या बाजूनं आला. मी पुन्हा मारला. पुन्हा दोन आवाज आले.

मंगळवारी आतली जागा आरशासारखी चकचकीत होती. बोट फिरवून पाहिलं, चिकटा नाही, ओरखडा नाही. दोन बार काढले. पुन्हा अडकला. संध्याकाळी हात धुताना उजव्या तळव्याचा उंचवटा दुखला. मनगटाजवळ निळा डाग होता. मी दांड्यावर कधीच हात मारत नाही. चाळीस वर्षांत मारला नाही.

बुधवारी डाग काळा झाला.

दुपारी वहिनी आणि नुरदिन आले. रायफल पकडीत होती, आत पुंगळी अडकलेली. वहिनीनं माझा हात पाहिला.

"हे काय झालं?"

मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त. "झुमाशच्या हाताला असंच होतं, वहिनी," मी म्हणालो. "मी धुतला तो हात. तो गोठला नव्हता. बोल्ट उघडत नव्हता आणि तो शेवटपर्यंत ठोकत होता. ऑक्टोबरात मी बार काढून पाहिला असता तर तो आज इथं बसला असता."

शेगडीतली गोवरी तडकली. नुरदिन उठला तेव्हा मला वाटलं, मारतो आता. तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि त्यानं दांड्याला दोन बोटं लावली.

दांडा वर आला. पुंगळी फरशीवर पडली.

"हे तू मशिदीसमोर सांगशील," वहिनी म्हणाली. "सगळ्यांसमोर."

शुक्रवारी सांगितलं. त्या दिवसापासून झुमाशला कोणी नावं ठेवली नाहीत, आणि माझ्याकडे बंदुका येणं कमी झालं. हाताचा डाग आठवडाभरात गेला.

मे महिन्यात नुरदिन खाली उतरला. काळवंडला होता, हसत होता. चार लांडगे मारले होते.

"काका, लोण्यासारखी चालते," तो म्हणाला. "पण एक आहे. बार झाला की मी दांड्याकडे हात नेतो ना, तोवर तो वर आलेला असतो. मला उघडावाच लागत नाही. असं काय केलंत तुम्ही?"

"साफ केली," मी म्हणालो.

"बघा की."

त्यानं रायफल माझ्या मांडीवर ठेवली. नळी रिकामी होती, थंड होती. दांडा कोमट होता. मी उचलायला गेलो, हलला नाही. जोर लावला.

"अहो, असा," म्हणत नुरदिननं एका बोटानं तो उचलला, परत खाली बसवला आणि रायफल माझ्याकडे दिली.

मी पुन्हा धरला. हलला नाही.

खुंटीवरच्या झुमाशच्या कोटाच्या बाजूनं तो बोथट आवाज आला. मग आणखी एक. नुरदिन चहात पाव बुडवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.